जुन्या जीपगाडीचे आवाज : दोष कोठे आहे हे कसे ओळखावे

बैलगाडीचा आख कोरडा पडला की तो कुरकुरू लागतो. गाडीवान तो आवाज ऐकताच गाडी उभी करतो, आखाला वंगण देतो आणि मगच पुढे जातो. हेच शहाणपण मोटारगाडीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा विसरले जाते. जीपच्या खालच्या भागातून आवाज येऊ लागला म्हणजे एक तर त्याकडे दुर्लक्ष होते, किंवा नेमका दोष न शोधता सरळ गिअरबॉक्स उघडला जातो. पहिल्या चुकीमुळे गाडी ऐन हंगामात रस्त्यावर बसते. दुसऱ्या चुकीमुळे पैसा खर्च होऊनही आवाज तसाच राहतो. या दोन्ही चुका टाळता याव्यात म्हणून आवाजावरून दोषाची जागा ओळखण्याची पद्धत या लेखात क्रमवार दिली आहे.

जीप आणि ग्रामीण भाग

चारही चाकांना शक्ती देणारी जीप ही मूळची लष्करी गाडी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. स्वातंत्र्यानंतर विलीज जीपची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली, व पुढे याच वळणाच्या गाड्या अनेक दशके येथे तयार होत राहिल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेचा आरंभ झाल्यानंतर विकास गटाची जीप हे खेड्यापाड्यांतील परिचित दृश्य बनले. आता १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे ज्या जुन्या जीपगाड्या आज चालताना दिसतात त्या प्रामुख्याने खाजगी मालकीच्या असून त्यांची निगा मालकालाच राखावयाची आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. कयाधू, पैनगंगा व पूर्णा या नद्यांच्या काठची काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते. पांदण रस्त्यात साधी गाडी रुतून बसते. सोयाबीन काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, किंवा रात्री-अपरात्री वस्तीवरील आजारी माणसाला तालुक्याच्या गावी न्यावयाचे झाले, तर अशा रस्त्यातून चारही चाकांनी ओढणारी गाडीच निभावून नेते. नेमक्या त्याच वेळी ती बंद पडू नये, यासाठी तिच्या आवाजाकडे आधी लक्ष दिले पाहिजे.

शक्तीचा मार्ग ध्यानात घ्यावा

दोष शोधण्यापूर्वी इंजिनची शक्ती चाकापर्यंत कशी पोहोचते हे समजून घेणे अवश्य आहे. इंजिनकडून शक्ती प्रथम क्लचकडे येते. क्लचमागे गिअरबॉक्स व त्याला लागूनच ट्रान्स्फर केस असते. ट्रान्स्फर केसमधून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात : एक मागे व एक पुढे. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असलेले सांधे असतात. शाफ्टची शक्ती पिनियनमार्फत क्राउनला, तेथून डिफरन्शियलला आणि शेवटी आखाच्या दांड्यांमार्फत चाकांना मिळते.

जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसविषयी दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, या पेटीत शक्ती नेहमीच एका मधल्या गिअरमधून फिरून मागच्या शाफ्टकडे जाते. गाडी दोन चाकांवर चालत असली तरी हा मधला गिअर भाराखाली असतो. म्हणून या गाडीला थोडी एकसुरी गुणगुण स्वाभाविक असते. तिला दोष समजू नये. दोष असतो तो आवाजात बदल होण्यात. काल नव्हता असा आवाज आज आला, किंवा गुणगुण वाढून घरघर झाली, तरच तपासणी करावी.

दुसरी गोष्ट अशी की, पुढच्या व मागच्या शाफ्टमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारी कोणतीही सोय या पेटीत नसते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो निघत नाही. त्यामुळे चारही चाके जोडून कोरड्या पक्क्या रस्त्यावर गाडी चालविली असता सर्व गिअर पिळले जातात, टायर चिरकतात, दांडा अडकून बसतो व शेवटी दात किंवा क्रॉस तुटतो. पुढचे टायर नवे व मागचे झिजलेले किंवा वेगळ्या मापाचे रिट्रेड केलेले असतील तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ पडतो. सबब चारही टायर एका मापाचे ठेवावेत व पुढची चाके फक्त चिखल, वाळू वा सैल मातीतच जोडावीत.

तपासणीपूर्वीची खबरदारी

पुष्कळ जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील टोकाला, प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एकच चाक जॅकने उचलले तर हँडब्रेक ओढलेला असूनही ते चाक डिफरन्शियलमुळे मोकळे फिरते. त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाकही अडत नाही आणि गाडी जॅकवरून सरकून खाली येऊ शकते. म्हणून चाक उचलण्यापूर्वी उरलेल्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम आधार दिल्याशिवाय अंग आत घालू नये. इंजिन चालू असताना धोतर, उपरणे, पदर किंवा सैल बाही फिरत्या शाफ्टजवळ जाऊ देऊ नये. चाक उचललेल्या स्थितीत गिअर टाकून इंजिन चालवू नये.

प्रथम तेल पाहावे

कोणत्याही आवाजाच्या चौकशीचा आरंभ तेलापासून करावा. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचे डिफरन्शियल व मागचे डिफरन्शियल या चार ठिकाणी स्वतंत्र बूच असतात. गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक भरण्याचे बूच उघडावे. तेल बुचाच्या खालच्या कडेशी लागलेले असावे. बोटाला लागले नाही तर ते कमी आहे. गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस एकमेकांना लागून असल्यामुळे मधल्या भागातून एकाचे तेल दुसऱ्यात जाऊ शकते. सबब एक भरलेले आढळले म्हणून दुसरे तपासण्याचे टाळू नये.

तेलाचा रंगही बोलका असतो. तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. नाला किंवा ओढा ओलांडताना तापलेला आख एकदम थंड होतो व आतील हवा आकसते. श्वासछिद्र चिखलाने बुजलेले असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आखावरील श्वासछिद्रे साफ करावीत आणि खोल पाण्यातून गाडी गेल्यावर तेल अवश्य पाहावे.

बुचाला चुंबक असल्यास त्यावर करडी, मऊ राळ जमलेली दिसते. ती नेहमीच्या झिजेची असते. पिवळसर चमकदार कीस दिसला तर सिंक्रो रिंग किंवा पितळी वायसर झिजत आहे. पोलादाचे तुकडे, दाताचे कपरे किंवा सुईसारखे रोलर सापडले तर गाडी चालविणे तत्काळ थांबवावे.

तेल भरताना जाडीचा व प्रतीचा असे दोन्ही विचार करावे लागतात. जाडी सामान्यतः ९० क्रमांकाची असते. प्रत मात्र जागेनुसार बदलते. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचे तेल योग्य. गिअरबॉक्समध्ये पितळी रिंग असतात. जीएल-५ मधील तीव्र गंधकयुक्त द्रव्ये त्यांना अपाय करू शकतात, म्हणून तेथे जीएल-४ प्रत वापरावी. इंजिनमधून काढलेले काळे तेल कोठेही भरू नये.

उभ्या गाडीच्या चाचण्या

पहिली चाचणी. गाडी सपाट जागी ठोकळे लावून उभी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे व पाय क्लचवरून काढावा. या स्थितीत गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट व खालचा काउंटर गिअर फिरत असतो. घरघर ऐकू आली आणि क्लच पूर्ण दाबताच ती थांबली, तर दोष पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये किंवा काउंटर गिअरमध्ये आहे.

दुसरी चाचणी. क्लच न दाबता आवाज नाही, पण पेडलवर नुसता पाय टेकताच किरकिर सुरू झाली, तर क्लचचे रिलीज बेअरिंग झिजलेले आहे. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच शिट्टीसारखा आवाज येत असेल तर फ्लायव्हीलमधील पायलट बुश कोरडा पडला असण्याचा संभव आहे. कारण त्या वेळी फ्लायव्हील फिरते व गिअरबॉक्सचा शाफ्ट स्थिर असतो.

तिसरी चाचणी. ट्रान्स्फर केसचा दांडा न्यूट्रलमध्ये आणावा व गिअरबॉक्स सर्वांत वरच्या थेट गिअरमध्ये टाकून क्लच हळू सोडावा. तीन गिअरच्या पेटीत तिसरा, चार गिअरच्या पेटीत चौथा हा थेट गिअर असतो. आता गाडी उभीच राहते, पण गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट व ट्रान्स्फर केसचा मधला गिअर फिरू लागतात. पहिल्या चाचणीत नसलेला आवाज या चाचणीत आला, तर दोष मुख्य शाफ्टच्या मागील बेअरिंगमध्ये किंवा मधल्या गिअरच्या शाफ्टमध्ये व वायसरमध्ये आहे. जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये हा मधला शाफ्ट झिजण्याची खोड प्रसिद्धच आहे.

या तिन्ही चाचण्यांत जागा अधिक निश्चित करावयाची असल्यास लांब पेचकसाचे टोक पेटीच्या निरनिराळ्या भागांवर टेकवावे व मुठीचा भाग कानाला लावावा. वैद्य नळीने छाती तपासतो तसाच हा प्रकार होय. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट, तेथेच बेअरिंग संशयित समजावे.

खडखड दांड्यातूनच येत आहे की काय, हेही याच वेळी पाहावे. दांडा हाताने घट्ट धरताच आवाज थांबला तर दोष फक्त दांड्याच्या स्प्रिंगचा किंवा बुशाचा आहे. पेटी उघडण्याचे कारण नाही.

रस्त्यावरील चाचण्या

रस्त्यावरील चाचणीसाठी सरळ, सपाट व कमी रहदारीचा रस्ता निवडावा. गाडी रिकामी ठेवावी. चालकाने चालविण्याकडे लक्ष द्यावे. ऐकण्याचे काम दुसऱ्याने करावे.

गिअरनुसार आवाज. पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो आणि थेट गिअरमध्ये तो नाहीसा होतो, तर काउंटर गिअर किंवा त्याचे बेअरिंग दोषी आहे. कारण थेट गिअरमध्ये शक्ती खालच्या गिअरसंचातून जात नाही. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्याच जोडीचे दात झिजले आहेत. सर्व गिअरमध्ये, गाडीच्या वेगाप्रमाणे वाढणारा सारखाच आवाज असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे शोधावा.

मोकळी गती. सुमारे ४० किलोमीटर वेगाने चालताना गिअर न्यूट्रलमध्ये आणून गाडी आपल्या गतीने जाऊ द्यावी. इंजिन चालूच ठेवावे. उतारावर ही चाचणी करू नये. आवाज लगेच थांबला तर इंजिन, क्लच व गिअरबॉक्सचा पुढचा भाग संशयित. आवाज तसाच राहिला तर ट्रान्स्फर केस, शाफ्ट, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग किंवा टायर यांपैकी कोणी तरी दोषी आहे.

टायरची परीक्षा. खोल नक्षीचे टायर डांबरी रस्त्यावर घुमतात व कच्च्या रस्त्यावर गप्प होतात. रस्ता बदलताच आवाज बदलला तर यंत्राला दोष देऊ नये.

ओढ आणि सोड. ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढीत असताना, वेग स्थिर ठेवलेला असताना व पाय सोडल्यावर, अशा तीन स्थितींत आवाज ऐकावा. फक्त ओढीत किंवा फक्त सोडीत येणारे कण्हणे हे क्राउन-पिनियनच्या दातांच्या बसणीतील दोषाचे लक्षण होय. तिन्ही स्थितींत येणारी घरघर बेअरिंगची असते. केवळ वळणावर मागून येणारी खडखड डिफरन्शियलमधील लहान गिअरांची असते.

वळणाची परीक्षा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. वळताना वाढणारा आवाज भाराखाली आलेल्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक.

पुढच्या आखाची परीक्षा. पुढच्या चाकांना मोकळे करणारे हब बसविलेले असतील तर ते एकदा जोडून व एकदा सोडून त्याच वेगाने जावे. हब सोडताच आवाज गेला तर दोष पुढच्या आखात किंवा पुढच्या शाफ्टमध्ये आहे. असे हब नसलेल्या गाडीत पुढचा शाफ्ट दोन चाकांवर चालतानाही फिरत राहतो, म्हणून तो तपासणीतून वगळू नये. चिखलाच्या जागी चारही चाके जोडून पूर्ण वळण घेताना पुढून टकटक आवाज आला तर चाकाजवळचा सांधा झिजला आहे.

ठोके मोजण्याची सोपी युक्ती

मागच्या टायरवर खडूची खूण करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, सपाट जागी दोघा-तिघांनी गाडी हळूहळू ढकलावी व चाकाच्या एका फेऱ्यात किती ठोके पडतात ते मोजावे. जुन्या जीपमध्ये क्राउन-पिनियनचे प्रमाण सामान्यतः ५.३८ असते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन व प्रोपेलर शाफ्ट पाचांहून अधिक फेरे घेतात. एका फेऱ्यात एकच ठोका पडला तर दोष चाक, ब्रेकड्रम किंवा क्राउनच्या दातात आहे. पाच-सहा ठोके पडले तर पिनियन, क्रॉस किंवा शाफ्ट संशयित.

वेगातही हाच हिशेब लागू पडतो. सहा इंच रुंदीच्या व सोळा इंच रिंगच्या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे पाच फेरे घेते आणि शाफ्ट सुमारे सव्वीस. म्हणून चाकाजवळचा दोष धडधडल्यासारखा, तर पिनियनजवळचा दोष सलग घरघर केल्यासारखा ऐकू येतो.

प्रोपेलर शाफ्ट व क्रॉस

गाडी सुरू होताना किंवा ओढीतून सोडीत जाताना एकच ‘खट्’ असा आवाज आला, तर प्रथम क्रॉस पाहावेत. गाडीला ठोकळे लावून, इंजिन बंद ठेवून, शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळावा. सांध्यात क्रॉस व त्याचा दुवा यांच्यामध्ये हालचाल दिसता कामा नये. पिनियनच्या बाजूला थोडी ढिलाई मात्र स्वाभाविक असते. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर क्रॉसमधील सुईबेअरिंग कोरडे पडले आहे. ग्रीसचे निप्पल साफ करून नवे ग्रीस चारही टोकांतून बाहेर येईपर्यंत भरावे. चिखलात काम केल्यावर हे अवश्य करावे.

दुरुस्तीनंतर नवीनच थरथर सुरू झाली तर शाफ्टचा सरकता सांधा चुकीच्या दातावर बसविला गेला असावा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे दुवे एका रेषेत असले पाहिजेत. म्हणून शाफ्ट सोडविण्यापूर्वीच दोन्ही भागांवर खूण करून ठेवावी.

गिअर निसटणे व दात घासणे

ओढीत किंवा उतारावर गिअर आपोआप निसटत असेल तर प्रथम गिअरबॉक्सचे बोल्ट व इंजिनखालचे रबर पाहावेत. ते ठीक असतील तर गिअर धरून ठेवणारी गोळी व स्प्रिंग, आणि त्यानंतरच दातांची झीज तपासावी.

तीन गिअरच्या जुन्या पेटीत पहिल्या व मागच्या गिअरला सिंक्रो रिंग नसते. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना दात करकरले तर तो गिअरबॉक्सचा नव्हे, चालविण्याच्या सवयीचा दोष होय. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून गिअर टाकावा. असे करूनही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याच्या पेडलची मोकळी चाल जुळवून घ्यावी.

एक उदाहरण

समजा, सेनगाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने सोयाबीनच्या हंगामात आठ-दहा दिवस ओढ्यातून जीप नेली. पुढील पंधरवड्यात वीस किलोमीटरच्या वर घरघर सुरू झाली. कोणी सांगितले, गिअरबॉक्स उघडावा लागेल.

आता चाचण्यांचा क्रम लावू. उभ्या गाडीच्या तिन्ही चाचण्यांत शांतता. म्हणजे क्लच, गिअरबॉक्स व ट्रान्स्फरचा मधला गिअर यांवरील संशय कमी झाला. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये, गाडीचा वेग सारखा असता, आवाजही सारखाच. मोकळ्या गतीतही तो टिकतो. म्हणजे दोष मागे आहे. डांबरी व कच्च्या रस्त्यावर फरक नाही, टायर सुटले. डावी-उजवी वळणे घेऊन फरक नाही. चाकांच्या बेअरिंगवरील संशय दुबळा झाला. पुढचे हब सोडूनही आवाज आहे. पुढचा आख सुटला. ओढीत, स्थिर वेगात व सोडीत घरघर सारखीच. म्हणजे क्राउन-पिनियनचे दात नव्हे, बेअरिंग. क्रॉसमध्ये ढिलाई नाही. शेवटी मागच्या डिफरन्शियलचे बूच उघडले तर तेल पांढुरके. आता निर्णय स्पष्ट झाला : ओढ्याचे पाणी आत जाऊन पिनियनचे बेअरिंग गंजू लागले आहे.

या टप्प्यावर थांबले तर बेअरिंग, सील व तेल एवढ्यावर काम भागते. गाडी तशीच चालविली तर पिनियन जागेवरून हलते व दात एकमेकांवर चुकीचे बसतात. क्राउन व पिनियन ही जोडी एकत्रच बदलावी लागते. एकटा पिनियन बदलून चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे माल भरलेली गाडी उतारावर असताना मागचा आख एकाएकी अडकू शकतो. आणि सांगण्याप्रमाणे गिअरबॉक्स उघडला असता तर पैसा जाऊन घरघर कायम राहिली असती.

केव्हा थांबावे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास गाडी पुढे नेऊ नये : एकाएकी सुरू झालेला जोराचा ठोका, चाक किंवा आख अधूनमधून अडकणे, तेलात धातूचे तुकडे, दोन्ही गिअर एकदम लागल्याप्रमाणे गाडी जखडणे, चाकाच्या हबला हात जवळ नेववत नाही इतकी उष्णता, शाफ्टचे बोल्ट ढिले किंवा गळालेले.

मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला आणि मागचा आख शाबूत असला, तर तो शाफ्ट पूर्ण काढून, पुढची चाके जोडून, गाडी सावकाश जवळच्या गावापर्यंत नेता येते. मात्र अशा वेळी शाफ्टवरच्या हँडब्रेकवर विसंबू नये. पुढची चाके सुटताच तो निरुपयोगी होतो. गाडी उभी केल्यावर ठोकळे लावलेच पाहिजेत.

जुनी गाडी घेताना

जुनी जीप विकत घेणाऱ्याने चाचणी घेण्यापूर्वी चारही बुचे उघडून पाहावीत. झिजलेल्या गिअरचा आवाज दाबण्यासाठी तेलात जाड ग्रीस किंवा लाकडाचा भुसा मिसळण्याची लबाडी जुनी आहे. तेल लापशीसारखे घट्ट आढळले तर त्या गाडीच्या शांततेवर विश्वास ठेवू नये. इंजिन थंड असताना एकदा व दहा किलोमीटर चालल्यानंतर एकदा, अशी दोनदा चाचणी घ्यावी. तापल्यावर तेल पातळ होते व लपलेला आवाज बाहेर येतो. गाडीची नोंदणी व योग्यता-प्रमाणपत्र यांची मुदतही पाहावी.

मिस्त्रीसाठी टाचण

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाडीमालकांना पुढील मुद्द्यांचे टाचण करण्यास सांगावे व ते मिस्त्रीच्या हाती द्यावे :

१. आवाज कसा : गुणगुण, घरघर, कण्हणे, टकटक, खट्, चिवचिव.
२. उभ्या गाडीत येतो की चालत्या. क्लच दाबल्यावर काय होते.
३. कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला सुरू होतो.
४. ओढीत, स्थिर वेगात, सोडीत की मोकळ्या गतीत.
५. वळणावर बदलतो काय; कोणत्या बाजूला.
६. पुढची चाके जोडल्यावर बदलतो काय.
७. चारही ठिकाणच्या तेलाची पातळी, रंग व त्यातील कण.
८. आवाज सुरू होण्यापूर्वी काय घडले : पाण्यातून जाणे, जास्त माल, नवे टायर, आधीची दुरुस्ती.

हे टाचण तयार करण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. ज्या मिस्त्रीच्या हाती ते जाते त्याला सर्व पेट्या उघडून पाहण्याची गरज उरत नाही, आणि मालकालाही नेमक्या कोणत्या कामाचे पैसे आपण देत आहोत हे समजते.

माणसाचे दुखणे हत्तीच्या पावलाने येते व मुंगीच्या पावलाने जाते, असे म्हणतात. यंत्राचे दुखणे मात्र बहुधा मुंगीच्या पावलानेच येते. त्या पावलाचा आवाज ज्याने वेळीच ऐकला, त्याची गाडी पावसाळ्यातल्या पांदणीत त्याला दगा देत नाही. म्हणून दर महिन्याला तेल पाहावे, चिखलातून आल्यावर क्रॉसला ग्रीस द्यावे, आणि नवा आवाज ऐकू येताच गाडी उभी करून वरील क्रमाने त्याचा मागोवा घ्यावा.